अजून एकोणीस

बसा. दिवे गेलेत, ते आता तासभर तरी यायचे नाहीत. आमच्या हरिशंकरपुरममध्ये विजेचा हा रोजचाच खेळ आहे. कंदील जरा जवळ घेतो. तुम्ही नाटकवाली मंडळी. अठराशे सत्तावन्नातला ग्वाल्हेरचा एखादा नायक हवाय, आणि नाव ठाऊक नसेल तर रचून द्या, असं मघाशी म्हणालात. रचून द्या... मीही एकदा रचलं होतं. ते आधी ऐका आणि मग काय मागायचं ते मागा.

साल छप्पन. मी, रमाकांत, तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या एका सरकारी दफ्तरात मोडी कागद वाचायच्या कामावर होतो. आमचे पूर्वज पुण्याकडून कारकुनी करायला इकडे आले आणि लेखणी खाली ठेवायची विसरले, असं माझे वडील म्हणायचे. संस्थान जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याच्या जागी मध्यभारत नावाचं राज्य आलं होतं, आणि तेही आता मोडून एक नोव्हेंबरपासून भोपाळ राजधानी होणार होती. खुर्च्या, टेबलं, साहेब, कारकून, सगळं ग्वाल्हेर सोडून निघालं होतं. जुने मोडी कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असत. त्यातला कुठला रुमाल भोपाळला जाईल, कुठला इथं राहील आणि कुठला रद्दीत, हे ठरवायला मी एकटा. माझ्या मोडी वाचनाचा मला तेव्हा भलताच गर्व होता.

त्या चाळाचाळीत एका रुमालात मला एक यादी मिळाली. अठराशे अठ्ठावन्न सालची. तुम्हांला ठाऊकच आहे, त्या जूनमध्ये बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतलं, आणि पंधरा-वीस दिवसांत इंग्रजांनी मुरारकडून येऊन ते परत घेतलं. इथल्या फौजेतले काही जण त्या दिवसांत बंडवाल्यांना मिळाले. यादीवर लिहिलं होतं, 'तिकडे मिळाले ते असामी एकोणीस.' खाली एकोणीस ओळी, आणि प्रत्येक ओळीवर शाईचा जाड पट्टा. कोणी फिरवला, कोणाच्या हुकमानं, काही लिहिलेलं नाही. मी तो कागद उन्हात धरला, तिरका धरला, पाठीमागून पाहिला. एक अक्षर म्हणून सुटलं नाही. नावं बुडवणाऱ्यानं आकडा तेवढा तसाच ठेवला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला लाज कसली? आपण हरणार हे त्या माणसांना दिसत असणार. महिन्याचा पगार होता, घरदार होतं, वरिष्ठ सगळे दुसऱ्या बाजूला होते. गप्प बसले असते तर त्यांचे पणतू आज थाटात असते. तरी ते उठले आणि गेले. आम्ही दफ्तरातली माणसं, साहेबानं नुसता घसा खाकरला तरी उभे राहतो. त्या काळ्या पट्ट्यांपुढं मला फार लहान वाटलं.

आणि लहान वाटलं की माणूस काहीतरी मोठं करून दाखवायला जातो. आमच्या मंडळाचा गणेशोत्सवाचा अंक निघायचा, त्यासाठी मी एक कथा लिहिली. मुरारच्या नदीचा उतार मूठभर माणसं भर उन्हात दुपारपर्यंत अडवून धरतात. माझ्या मनात ती यादीतलीच एकोणीस माणसं होती; त्यांचा म्होरक्या म्हणून मी विसावा माणूस रचला, कारण जो कधी नव्हताच त्याच्याबद्दल काहीही लिहायची मोकळीक असते. नाव ठेवलं सुभानजी कदम. कदम आडनाव फौजेत पैशाला पासरी होतं म्हणून घेतलं, आणि सुभानजी कानाला बरं वाटलं म्हणून. या सुभानजीकडं पाण्याची एकच कातडी छागल असते. ती तो सगळ्यांना पाजतो आणि स्वतः ओठ ओला करत नाही. कथा लोकांना आवडली. रस्त्यात थांबवून विचारायचे, "रमाकांत, हा माणूस कुठल्या कागदात मिळाला?" मी नुसता हसायचो. ते हसणं मला भोवलं.

पितृपक्ष लागून दोन दिवस झाले असतील. थाटीपुरहून जयसिंहराव म्हणून एका गृहस्थांची चिठ्ठी आली. सरकारी नोकर, भोपाळला बदली झालेली. सासूबाईंकडं एक मोडी कागद आहे, जायच्या आधी वाचून द्याल का, असं विचारलं होतं. असली कामं मला नेहमीच यायची. रविवारी सकाळी सायकल काढली आणि निघालो. भाद्रपद अखेरचं ऊन तुम्ही जाणताच. पावसानं धुतलेल्या आभाळातून ते सरळ टाळूवर येतं. थाटीपुरला पोचेपर्यंत बारा वाजले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

क्वार्टर नवंकोरं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं सिमेंटचं अंगण, अंगणाच्या भिंतीत एक दार आणि दारापलीकडं मुरारच्या नदीपर्यंत उघडं माळरान. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. भुताखेतांनी राहावं असं तिथं काहीही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतोय.

त्या सासूबाईंनी, कुमुदिनीबाईंनी, दार उघडलं. साठीच्या, उंच, पाठीचा कणा ताठ, पांढऱ्या नऊवारीत. जयसिंहराव त्यांचे जावई, आणि शरयू एकुलती एक मुलगी. शरयूनं सरबत दिलं. मी कागद मागितला, तर बाईंनी आमच्या मंडळाचा अंक पुढं ठेवला.

"कागद-बिगद काही नाही, रमाकांतराव. तुम्हांला बोलवायचं होतं. हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"आम्ही कदम. माझे यजमान कान्होजीराव. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्या वर्षी तिकडे गेला... बंडवाल्यांत. बाकीच्यांनी नोकऱ्या सांभाळल्या आणि त्याचं नाव घेणं बंद केलं. घरात नाही, श्राद्धात नाही. दोन पिढ्यांत ते नाव गेलंच. माझ्या सासूबाई जाताना एवढंच बोलल्या की सूनबाई, आपल्यात अजून एक आहे, त्याला कुणी पाणी दिलं नाही."

जयसिंहराव खुर्चीत चुळबुळले. "आईसाहेब, अब छोड़िए ना. ह्यांना उन्हाचं कशाला..."

"तुम्ही थांबा जरा, जयसिंहराव." त्या उठल्या. "या इकडे, रमाकांतराव."

स्वयंपाकघरात वाळूवर एक मटका ठेवला होता. शरयूनं सकाळी तो भरल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हात घाला आत."

मी झाकण काढून हात घातला. आत पाण्याचा टिपूस नव्हता. मटका गळाला म्हणावं तर खालची वाळू कोरडी ठणठणीत. आणि आतून तो गरम होता... चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखा. मी हात मागं घेतला.

"पितृपक्षात रोज," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "लष्करात भाड्यानं राहायचो तेव्हाही. इथं नव्या घरात आलो, तर इथंही. पण चोरून प्यालेल्या पाण्यानं तहान जाते होय? कुणीतरी हाक मारून द्यायला हवं. गुरुजी म्हणतात, नाव सांगा. बिननावाचं पाणी कुणालाही जातं आणि कुणालाच जात नाही. पुढच्या महिन्यात आम्ही भोपाळला चाललो. मग तो इथं कुणाच्या दारात जाईल? ह्या घरात उद्या कोण येईल, कुठले लोक... त्यांना काय ठाऊक." त्यांनी अंकावर बोट ठेवलं. "म्हणून विचारते. हे नाव कागदात आहे, की तुमच्या मनातलं?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण त्या बाईंच्या चेहऱ्याकडं पाहून मला दया आली, आणि दयेच्या मागं माझी फुशारकी उभी होतीच. मोडी वाचणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटं असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही, हेही मला ठाऊक होतं.

"कागदात आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात अंगणाच्या दाराची कडी वाजली. एकदाच. जयसिंहरावांनी मान वर केली. बाहेर कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"वारा असेल," मी म्हणालो.

शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध घायाळ चतुर्दशीला करतात. अमावास्येचा आदला दिवस. कुमुदिनीबाईंचा निरोप आला की पितृस्थानी ब्राह्मण म्हणून तुम्हीच बसा, त्याचं नाव तुम्ही शोधून काढलंत. आता ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. श्राद्धाला एका पाटावर देवांच्या जागी ब्राह्मण बसतो आणि एका पाटावर मेलेल्याच्या जागी. त्याचे पाय धुतात, त्याला जेवू घालतात, आणि शेवटी गुरुजी विचारतात, तृप्त झालात ना? त्यानं म्हणायचं, तृप्त झालो. ते उत्तर त्याचं स्वतःचं नसतं. ज्याच्या जागी तो बसलाय, त्याचं असतं. ते आल्याशिवाय श्राद्ध पुरं होत नाही.

आणि मी कुणाच्या जागी बसणार होतो? जो कधी जन्मलाच नाही त्याच्या. खरं सांगून टाकायचं असं ठरवून मी निघालो होतो, देवाशपथ. पण क्वार्टरच्या फाटकाशी आलो तर बाई दारात उभ्या. पहाटेपासून उपाशी, नेसूचं ओलं, आणि तोंडावर असं समाधान की पोरीचं लग्न लागल्यावर आईच्या तोंडावर असतं. मी मुकाट्यानं पाय धुऊन घेतले.

विधी मागच्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत होता. अंगणाचं दार उघडं ठेवलं होतं, माळावर उन्हाचा नुसता पांढरा जाळ. देवांच्या पाटावरचे ब्राह्मण आले नव्हते म्हणून गुरुजींनी तिथं दर्भाचा चट, म्हणजे ब्राह्मणाच्या जागी गवताची जुडी, ठेवली. म्हणजे बसलेला माणूस मी एकटाच. घरात मुलगा नाही, म्हणून जयसिंहराव करत होते. गुरुजींनी गोत्र म्हटलं आणि मग नाव. "सुभानजी..."

नाव उच्चारलं गेलं आणि चुन्याचा वास गेला. एकदम. त्याच्या जागी घोड्याच्या घामाचा वास आला, आणि त्याखाली दारू जळल्याचा, फटाके उडवून झाल्यावर गल्लीत उरतो ना, तसला. मी इकडं तिकडं पाहिलं. शरयूनं पदर नाकाला लावला होता. म्हणजे तो वास मला एकट्यालाच आला नव्हता.

मग मी उंबऱ्याकडं पाहिलं. भर दुपारी माणसाची सावली पायाशी असते. इथं दारात कोणी नव्हतं, आणि एक सावली उंबऱ्यावरून आत आली होती. लांब, संध्याकाळची असते तशी. ती माझ्या पाटापर्यंत येऊन थांबली.

पान वाढलं. वडे, खीर, अळूची भाजी, सगळं रीतसर. मी पहिला घास तोंडात घातला आणि मला तहान लागली. तुम्हांला वाटेल ऊन लागलं असेल. नाही हो... उन्हाची तहान मला ठाऊक आहे. ही घशात नव्हती, हाडांत होती. मी तांब्या उचलून प्यालो. शरयूनं भरला, परत प्यालो. तिसरा, चौथा. पाणी जिभेवर लागत होतं आणि गिळताच नाहीसं होत होतं, तव्यावर पडल्यासारखं. श्राद्धाच्या पानावर बोलायचं नसतं, म्हणून मी हातानंच खूण करत होतो, अजून, अजून. शरयू तांब्या भरतच होती. जयसिंहराव रामनाम पुटपुटत होते.

गुरुजी जुने, मुरलेले. त्यांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय, आणि लवकर आटपावं म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला. "तृप्त झालात ना?"

मी तोंड उघडलं. हो म्हणणार होतो, शपथेवर सांगतो. पण माझ्या तोंडातून जो आवाज आला तो माझा नव्हता. थकलेला, बसलेला आवाज. घाई नाही, राग नाही.

"माझे राहू द्या. मागे अजून एकोणीस आहेत."

तो आकडा, मंडळी, माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हता. कथेतसुद्धा मी 'मूठभर' असंच लिहिलं होतं. यादी दफ्तरात, कुलपाच्या आत.

आणि मला ओळख पटली. ही भीती मी आजवर कुणाला नीट सांगू शकलो नाही. पाटावर माझ्यात येऊन बसलेला कदमांच्या घरातला कुणी नव्हता. तो माझा होता. मी लिहिला तसा, जिथल्या तिथं. छागल दुसऱ्यांच्या तोंडाला लावणारा, स्वतः तहानलेला. नावानं हाक आली म्हणून तो दारात आला, आणि ज्यांना हाक मारायला कुणाकडं नावच उरलं नव्हतं, त्यांना पाठीशी घेऊन आला.

गुरुजी चाचरत म्हणाले, "एकोणीस कोण? नावं... नावं सांगा, नाही तर पाणी कसं द्यायचं?"

कुमुदिनीबाई उठल्या. त्यांनी जयसिंहरावांच्या हातातून तांब्या घेतला, तीळ घेतले आणि दाराशी जाऊन बसल्या. बायकांनी हे करायचं नसतं, असं गुरुजी म्हणू लागले, तेव्हा त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "नावं पुसली गेली, माणसं नाही," एवढंच बोलल्या, आणि पहिली ओंजळ उंबऱ्याबाहेर सोडली. "तुम्हांला."

सिमेंटवर पाणी पडलं की डाग राहतो, ओघळ जातो. इथं काहीच नाही. ओंजळ सुटली, आणि घोट घेतल्याचा आवाज आला. स्वच्छ. तहानलेला माणूस मान वर करून पितो तसा. मग पावलं, एक जण बाजूला होऊन दुसरा पुढं येतो तशी. "तुम्हांला." परत घोट. "तुम्हांला." शरयू मोजत होती, ओठांतल्या ओठांत. तांब्या तीनदा भरला. सातव्याला का आठव्याला बाईंचा हात मध्येच थबकला, काय झालं ते आम्हांला कळलं नाही. त्या दारातल्या रिकाम्या जागेकडं वर पाहत राहिल्या, उंच माणसाकडं पाहावं तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"पोचलं ना, बाबा?" त्यांनी विचारलं. उत्तर मी तरी ऐकलं नाही. पण त्यांनी मान डोलावली.

एकोणिसावी ओंजळ झाली आणि माझ्या हाडांतली ती तहान उतरली. मी माझ्याच आवाजात म्हणालो, तृप्त झालो. चुन्याचा वास परत आला. जयसिंहराव भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

गुरुजी गेल्यावर मी बाईंच्या पायाशी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. नाव खोटं, माणूस खोटा, यादीत नुसते पट्टे. त्या ऐकत राहिल्या. त्यांना राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"आमचा आला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या यजमानांसारखाच दिसत होता, अगदी कपाळापर्यंत. त्याचं काम झालं. पण रमाकांतराव... तो पहिला, तुमचा. तो प्याला का?"

मी मनात मोजलं. ओंजळी एकोणीस. विसावी कुणी दिलीच नव्हती.

"त्याला घर नाही, गोत्र नाही, भाऊबंद नाहीत," बाई म्हणाल्या. "आमच्या माणसाला तो बोट धरून घेऊन आला. त्याला पाणी देणारं कोण? नाव तुम्ही ठेवलंत. नाव ठेवतो तो बाप."

महिन्याभरानं ते लोक भोपाळला गेले. शरयूचं पत्र आलं होतं, मटका भरलेला राहतो, आई दुपारी स्वस्थ झोपते. रुमालही त्याच सुमारास गेले. ती यादी भोपाळला पोचली की वाटेत कुठं गहाळ झाली, मी पुढं खूप चौकशी केली, पत्ता लागला नाही.

आणि मी? पुढच्या वर्षी घायाळ चतुर्दशीला भर दुपारी मागचं दार उघडलं, तांब्या घेतला आणि त्याला नावानं हाक मारली. वाटलं, एक ओंजळ दिली की सुटलो. सावली उंबऱ्यावरून आत आली. घोड्याचा वास आला. आणि तोच आवाज, माझ्याच तोंडातून.

"माझे राहू द्या. मागे अजून सत्तेचाळीस आहेत."

हे सत्तेचाळीस कुठले, कुणी सांगावं. कुठल्या दुसऱ्या यादीतले, कुठल्या जंगलातले, कुठल्या तुरुंगातले. त्याच्या पुढच्या वर्षी एकशे बारा. एकदा घोटांचे आवाज अगदी कोवळे होते, बेचाळीसची पोरं असावीत असं मला उगाच वाटलं. एका वर्षी बायका होत्या, बांगड्या वाजत होत्या. ज्यांची नावं कुणी घेत नाही ते सगळे, जिथं एक नाव हाक मारतंय तिथं त्याच्या मागून येतात. मी देत जातो. संध्याकाळ होते, खांदे भरून येतात, दोन हंडे रिकामे होतात. भीती वाटते का? दर वर्षी वाटते, अजूनही. पण खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटतो. मी आयुष्यात एकच माणूस धड रचला, आणि तो असा निघाला. चाळीस वर्षांवर झाली, त्यानं एकदाही आधी स्वतःला मागितलं नाही. प्यालाही नाही.

तुम्हांला नाव हवं होतं, ते मिळालं. नाटकात घ्या, माझी ना नाही. मी हे आज सांगितलं त्याला कारण आहे. मला मूलबाळ नाही, माझ्यामागं त्याला हाक मारणारं कुणीतरी हवं. पाणी द्यायला कुणीही चालतो, बाईंनी ते दाखवून दिलंय. फक्त नाव घेतलंत की मग दर वर्षी घ्यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

परवाच घायाळ चतुर्दशी झाली. मी दार उघडलं, हंडे भरून ठेवले होते, हाक मारली. सावली आली. वास आला. मी आकड्याची वाट पाहत उभा राहिलो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील... या खेपेला त्यानं आकडा सांगितला नाही. बाहेर पावलंही नव्हती, कुणाचीच. मी म्हटलं, अरे, मग आता तू तरी पी. त्यावरही काही नाही. थोड्या वेळानं ती सावली उंबऱ्यावरून हळूच एका बाजूला सरकली, आपण कुणाला वाट देतो तशी. बाहेरून आत कुणी आलं नाही; मग ती वाट आतून बाहेर जाणाऱ्यासाठी असणार. मी तांब्या हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो, आणि घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.